न : नायलॉन

'विसाव्या शतकातले शोध', खंड दुसरा, ट ते न.
माझ्या वाट्याला ट्रान्झिस्टर, डीएनए, नायलॉन.
शब्दाला दीड रुपया,
नोंदीला दोनशे शब्द. पहिल्या खंडात
अणुबॉम्बलाही तेवढेच दिले होते,
पक्षपात नको, संपादक म्हणाले.

ट्रान्झिस्टर एका रविवारी उरकला.
डीएनएने तीन रात्री घेतल्या,
त्या गोल जिन्यावर एकदा चढलं की
उतरायला पायरीच सापडेना.
नायलॉन सोपा वाटला होता :
साल एकोणीसशे पस्तीस.
आधी दात घासायचे ब्रश, मग बायकांचे मोजे, मग पॅराशूट.
ज्याने तो घडवला
त्याला दुकानात टांगलेला मोजा बघायला मिळाला नाही.
(हे वाक्य संपादकांनी खोडलं. नऊ रुपये गेले.)

शेवटी चाळीस शब्द उरले, मथळा 'आपल्याकडे'.
वाशीच्या ग्रंथालयात सगळी कपाटं पाहिली,
'आपल्याकडे' असं कपाट नव्हतं.
म्हणून नेरूळहून रिक्षा केली, दिवाळे गाव, साठ रुपये,
म्हणजे इथवरचे चाळीस शब्द भाड्यातच गेले.

जेट्टीच्या उतारावर हासूराम तांडेल
पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून बसले होते.
विचारलं, नायलॉन इथे कोणत्या साली आला?
"साल कुनी लिवलाय? माजी मोठी पोर पालन्यात व्हती."
मोठी पोर, साठी उलटलेली, आतून ओरडली,
"पालन्यात कुठं, रांगत व्हते मी!"
वहीत लिहिलं : १९६१?
आणि पुढे कंसात : रांगत.

त्याआधी ताग.
मांडीवर वळायचा, विणायचा,
आणि दर पंधरवड्याला ऐनाच्या सालीच्या काढ्यात
जाळं शिजवायचं.
शिजवायचं, हाच शब्द त्यांचा.
नाहीतर कुजायचं.
अख्ख्या गावाचे हात तांबडे,
नवरीच्या मेंदीखालूनही ऐन डोकवायचा.
हंडा आहे अजून. मागल्या दारी.
त्यात कढीपत्ता लावलाय.

पहिलं रीळ आलं ते पांढरंशुभ्र.
हासूरामच्या आईने, बायजाबाईने,
दाताने तोडून पाहिलं.
धागा तुटला नाही, दात हलला.
ती म्हणाली, "ह्यो मरनार नाय."
बारशाला म्हणतात तसं म्हणाली.

"मग ते पंधरवड्याचे दिवस मोकळे झाले, त्यांचं काय केलं?"
ते बराच वेळ सुईकडे बघत राहिले.
"झोपलो," म्हणाले.

ओहोटी लागली होती.
त्यांनी मला तिवरांकडे नेलं, चपला हातात घ्यायला लावल्या.
मुळांमध्ये एक हिरवट गुंता,
चिखलाने जड, त्यात बाटलीचं बूच,
आणि एक चिंबोरी, एका नांगीवर लटकलेली, जिवंत.
त्यांनी सुरीने सोडवलं तिला. तिने आधी त्यांनाच चावून घेतलं.
मग गुंता उलटापालटा करून
एका गाठीवर बोट ठेवलं :
"जालं माजंच. ही गाठ बापानं शिकवलेली,
दुसऱ्या कुनाची अशी डावी नाय."
किती वर्षांपूर्वीचं?
"हिचं लगीन व्हायचं व्हतं."

घरी आले. चाळीस शब्द लिहिले :
मासेमारी, टिकाऊपणा, सहकारी संस्था, साठचं दशक.
झोप बसली नाही.
कढीपत्ता तर विचारूच नका.
गुंता बसवायचा प्रयत्न केला
तर नोंद दोनशे अकरा शब्दांची झाली,
संपादकांनी अकरा कापले, नेमके तेच.

परवा मुद्रितं आली.
तिसऱ्या स्तंभात, खालून चौथ्या ओळीत,
वहीतून कसं कोण जाणे उतरलेलं :
'१९६१ (रांगत)'.
समासात लाल शाईने प्रश्न :
मुद्रणदोष?

मी निळ्या शाईने लिहिलं :
नाही. संदर्भ.