ळ

कसबा बावड्यात, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझा टाइपरायटर. ‘ळ’ची कळ उठत नाही.
आणि हौसाक्का भोपळेचा अर्ज सगळा त्याच अक्षराचा:
बुजवलेला ओढा, नगरसेवकाचे अकरा गाळे,
पहिल्याच पुरात चुलीपर्यंत आलेला गाळ.
मी जागा मोकळी सोडत गेलो,
मग निळ्या बॉलपेननं एकेक ळ बसवला.

“हातानं लिवलेलं चालतंय व्हय सायबास्नी?”
“चालतंय. सह्या किती?”
“चौदा. आन् तीन अंगठे.
एकानं परत खोडली, त्याचं पोरगं
म्हापालिकेत रोजंदारीवर हाय.”

इर्शाद मुजावरनं बातमी दिली.
पान पाच, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली, चार ओळी,
त्यातही ‘गाळे’चे ‘गोळे’ छापले.
तालमीच्या कट्ट्यावर ती मोठ्यानं वाचली गेली,
आणि नगरसेवकाची गाडी दिसली की पोरं विचारायची,
“दादा, गोळे किती झालं?”
निवडणुकीला तीन महिने. दादा मिशीत हसायचे.
मग हसेनात.

सात तारखा नुसत्याच पडल्या.
आठवीला स्थगिती. दीड पान, कॉम्प्युटरवरचं,
प्रत्येक ळ जागच्या जागी.

हौसाक्कानं कागद उन्हात धरला.
“ह्यात माझं नाव कुठाय?”
मी बोट ठेवलं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला,
शाई पुसते का बघितली.
“आन् औंदा पाणी शिरंल का न्हाई,
त्ये लिवलंय?”

ते लिहिलेलं नव्हतं.
मी मशीनमध्ये नवा कागद घातला.