मढवींचं पाणी

आधी भांडण होतं, रोप नंतर आलं.
वरच्या मजल्यावरच्या मढवींचा एसी
माझ्या वाळत्या साड्यांवर, मसाल्याच्या मिरच्यांवर
टप्. टप्.
सोसायटीत तीन अर्ज दिले होते मी,
तिसऱ्यात 'जाणूनबुजून' हा शब्द अधोरेखित.

मग वाशीच्या प्रदर्शनात
साडेतीनशे रुपयांना, पेल्याएवढ्या कुंडीत, ही.
व्हीनस फ्लायट्रॅप.
कडेला पापण्यांसारखे दात, आत लाली,
जेवून विडा खाल्लेल्या तोंडाची.
विकणारा पोरगा म्हणाला, मावशी,
खत घातलंत तर मरेल.
बागेतली चांगली माती घातलीत तर मरेल.
नळाचं पाणी घातलंत तर जरा सावकाश मरेल.
मग जगते कशावर?
उपाशी मातीवर, म्हणाला. उन्हावर.
पावसाच्या पाण्यावर, नाहीतर एसीच्या.

एसी माझ्याकडे नाही.

घरी येऊन नळाच्या पाण्यात मीटर बुडवला: एकशे बारा.
फिल्टरच्या: चौसष्ट.
रात्री, दिवा न लावता,
बाल्कनीत पातेलं मांडलं.
मढवींचं पाणी: सात.
इतकं निर्मळ काही त्या घरातून खाली येत असेल
असं मी कुठल्याच अर्जात लिहिलं नव्हतं.

डासांसाठी आणली होती, खरं तर.
ऐरोलीची खाडी संध्याकाळी चिलटांचे थवे धाडते
आणि हिची भूक दहा दिवसांना एक माशी.
पालिकेची धुराची गाडी आली की
मी तेच पातेलं तिच्यावर पालथं घालते.

समोरचा ओजस पेन्सिल खुपसायचा आत.
त्याला सांगितलं, बघ, बारीक केस आहेत ना,
एकदा धक्का लागला तर ती ऐकून सोडून देते.
वीस सेकंदांत दुसरा लागला, तरच मिटते.
उगाच मिटायला लावलीस तर दमते,
चार-सहा वेळा फसली की पान काळं पडतं.
सांगता सांगता माझीच जीभ अडखळली.
मी पहिल्याच थेंबाला मिटले होते.

मढवींना कळलंच.
एका रविवारी वरून सुतळीला बांधलेली बाटली उतरली,
वर मार्करने तारीख, आणि 'गाळलेलं'.
मग दर रविवारी. बोललो असं नाही आम्ही.
एकदा बाटलीसोबत पुडी आली, पुडीत मेलेली माशी.
मेलेली चालत नाही, हलती लागते,
असं चिठ्ठीवर लिहून
मी सुतळी दोनदा ओढली.
वरून हसल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा.

हिवाळ्यात तिला झोप हवी असते, गारठ्यातली.
ऐरोलीत कुठला गारठा.
मुळं धुऊन, ओल्या शेवाळात गुंडाळून
फ्रीजमध्ये ठेवली, मेथीच्या जुडीशेजारी.
नणंदेने सडका कांदा समजून दोनदा बाहेर काढली.
वरचा एसीही बंद.
कळव्याला हॉस्पिटलात आहेत, वॉचमन म्हणाला,
फुप्फुसात पाणी झालंय.
सुतळी लोंबत राहिली ग्रिलला, कोरडी.

शेवटच्या बाटलीवर तारीख सव्वीस नोव्हेंबर.

फेब्रुवारीत पिशवी सोडली. काळा चोथा,
आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं,
तान्ह्याच्या मुठीसारखं.
सव्वीस नोव्हेंबर मी झाकणाने मोजून बशीत ओतते,
दिवसाला दोन झाकणं.

आता मिरच्या वाळवायचे दिवस.
या वर्षी त्या हॉलमध्ये पसरल्यात, सगळं घर शिंकतंय.
बाल्कनी मोकळी ठेवली आहे,
मधोमध पातेलं.

काल दुपारी त्यात एकदा वाजलं.
टप्.
मी जागची हलले नाही.
आकडे मोजत उभी राहिले,
वीसपर्यंत,
मग पुन्हा एकपासून.