गड्डी

आमच्या तेलुगूत गवताला गड्डी म्हणतात,
बाहेर मराठीत गड्डी म्हणजे जुडी.
राजमणीला दोन्ही अर्थ एकदमच लागतात:
पंचवीस काड्या मोजते,
बिडीच्याच दोऱ्यानं आवळते,
कट्टा बाजूला ठेवते.
चाळीस वर्षांची बोटं. पंचवीसच्या पुढं जात नाहीत.

गच्चीवर तेलाचे अकरा डबे.
बी तिनं नान्नजच्या माळावरनं आणलं,
भाच्याच्या साखरपुड्याहून परतताना
टमटम थांबवून, पदराच्या गाठीत.
पवन्या, मारवेल, कुसळी,
आणि एक, ज्याचं नाव सांगणारं कुणी भेटलं नाही,
त्याला ती 'ते लाल' म्हणते.

शेजारच्या बोल्लीबाईंनी विचारलं, म्हैस कधी आणताय?
मी काही बोललो नाही.
माझ्याही मनात तेच होतं.

इथं पाऊस हातचं राखून पडतो.
गवताचं त्यावाचून अडत नाही,
जास्त पाणी घातलं की उलट आडवं होतं.
हे ती पहिल्या वर्षी शिकली,
दुसऱ्या वर्षी मला ऐकवलं.

कापायचं कधी, हे अवघड.
तुरा फुटलेला हवा, उललेला नको.
एक दिवस उशीर, की घरभर बी.
दसरा झाला की पहाटे कात्री घेऊन
ती दव वाळायची वाट बघत बसते,
चहा तिथंच मागवते.

मग उलटं टांगायचं, अंधारात.
अंधार आमच्याकडं भरपूर: खालची शेड.
चार माग किलोवर गेले
तेव्हापासून शटर अर्धंच उघडतं.
वरच्या लोखंडी दांडीला आता गवत लटकतं, डोकं खाली,
रंग हळूहळू आत ओढून घेत.
त्या दांडीखाली मी ओरडून बोलायचो.
अजून ओरडूनच बोलतो.
ती म्हणते, गवताला कशाला दचकवता?

फुलदाणी विकत आणली नाही.
सुताचे रिकामे कोन पोतंभर पडले होते,
पुठ्ठ्याचे, गुलाबी, पिवळे, टोकाला भोक.
टीव्हीवर एक, फ्रिजवर एक,
व्यंकटेश्वराच्या फोटोशेजारी 'ते लाल'.
बोल्लीबाई दोन मागून घेऊन गेल्या.
म्हशीचं नाव काढलं नाही.

परवा दुपारी पडलो होतो, पाठीत काही टोचलं.
माझ्याच हातची शेवटची चादर, मोराची,
आणि विणीत एक कुसळ
आडवं शिरलेलं, धोट्यासारखं.
लोकांच्या डोळ्यातलं दिसतं म्हणतात.
हे आपलं, चाचपून काढावं लागलं.
तळहातावर ठेवलं. हात घामेजलेला.
ते फिरू लागलं.

सहा महिने टांगलेलं, वाळून कोळ झालेलं,
ओल लागताच पीळ सोडत,
एक फेरा, मग अर्धा,
चातीसारखं.

"राजे, हे बघ!" मी ओरडलो.
ती बावीस-तेवीसवर होती.
मान वर न करता
हातानंच म्हणाली, थांबा.