उलटा छापलेला माणूस

कोकोमो, इंडियाना. टायरवाला आणि लाँड्रोमॅट
यांच्या मधल्या गाळ्यात मी अजून दुकान उघडते,
मंगळवार सोडून.

मागच्या खोलीत बापाने रचलेली खोकी,
एकोणीसशे नव्वदची, छताला टेकलेली.
"ही तुझी कॉलेजची फी," खोक्यावर थाप मारून म्हणायचा,
"फोडू नकोस. वीस वर्षं नुसता दम धर."
मी धरला.
सगळ्या देशानेच धरला, तिथेच गोची झाली.
तळघरागणिक एक बाप, बापागणिक एक खोकं,
आणि छापखान्याला रात्रपाळी.
जे कुणीच टाकून दिलं नाही, त्याला विचारतो कोण?
पैशाला पासरी,
आणि पासरीलाही गिऱ्हाईक नाही.

परवा लुएला ग्रॅब आली. गाडीच्या डिकीत
मेलेल्या नवऱ्याची एकेचाळीस हजार बेसबॉल कार्डं,
एकेकाला प्लास्टिकचं कव्हर.
मी म्हटलं, प्लास्टिकचे पैसे देते.
ती हसली नाही.
मीही विनोद केला नव्हता.

ड्वेन पुलियम महिन्याच्या पहिल्या शनिवारी येतो.
शाळेची बस चालवतो, डावा गुडघा वाकत नाही.
दहा सेंटच्या खोक्यावरून
तांदूळ निवडावेत तशी बोटं फिरवतो
आणि स्वतःला शोधून काढतो.
दोन मोसम, सेकंड बेस, सरासरी दोनशे एकोणीस.
फोटो उलटा छापलाय: टोपीवरचं अक्षर आरशातलं,
उजव्या हाताचा गडी डावखुरा झालेला.
"डावखुरा सेकंड बेसमन," तो म्हणतो,
"असा मी एकटाच. प्रती मात्र लाखो."

पोरं विचारतात, चूक आहे ना, मग भाव असेल?
नाही रे.
चूक कुणाच्या ध्यानात येऊन यंत्र थांबलं असतं,
फोटो सुलटा करून पुन्हा छापला असता,
तर आधीची उलटी थोडीच उरली असती,
मग आला असता भाव.
ह्याच्यासाठी कुणी यंत्र थांबवलं नाही.

रात्री लुएलाची कव्हरं सोलत बसले.
अकराव्या डब्यात पुलियम सापडला,
कव्हरावर चिकटपट्टी, पेन्सिलीचं बारीक अक्षर:
"फोटो उलटा. हा उजवा आहे. मी खेळताना पाहिलाय, फोर्ट वेनला."

ते एक सोललं नाही.
खोक्यात मधोमध खोचून ठेवलं
आणि शनिवारची वाट पाहिली.

त्याने वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.
बाकीची दोन नेहमीसारखी पिशवीत गेली,
हे शर्टाच्या खिशात.
तीस सेंट मोजून दिले. फुकट तो कधीच घेत नाही.

गल्ल्याचा खण हल्ली अडकतो,
दोनदा ढकलावा लागला.