तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर

माझा धंदा खोक्यांचा.
अठरा इंची, लाकडी, ओल लागली की फुगणारी.

शनिवारी ती फेरीबोटीतून केरीला गेली,
सुरूच्या बनात. झाडाझाडांत
हिरव्या-जांभळ्या दोऱ्यांचं कोळिष्टक ताणलेलं,
आणि पोरं अनवाणी,
उजाडेपर्यंत एकाच जागी चालत होती.

रविवारी तीच खोकी रेडीला,
बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात.
मिंगेलचा बँड. काळे टीशर्ट,
त्यावर नाव असं की वडाच्या मुळ्या वाटाव्यात.
त्याच्या आईलाही ते वाचता येत नाही.
'गळो बसतलो रे तुमचो,' म्हणाली,
आणि चहाची किटली ठेवून गेली.

डॉक्टर म्हणतात, माझ्या कानांतले
वरच्या पट्टीचे आवाज गेले :
रातकिडे, नातीची कुजबूज.
उरलं ते तळव्यांतून येतं.
आणि तळव्यांना विचाराल
शनिवार कुठे संपला,
तर त्यांना ठाऊक नाही.

तोच ठोका, ट्रॉलरच्या इंजिनाचा हट्ट.
त्यावर काहीतरी करवतीसारखं घासत राहतं,
बऱ्याच वेळाने केसभर सरकतं,
आणि तेवढ्यानेच गर्दीच्या अंगावर काटा.
इतकं जलद, की शेवटी हलतच नाही.
भोवरा झोपतो, तसं.
शब्द कुणी मागत नाही.
केरीत ते नव्हतेच. रेडीत होते,
पण खाणीतल्या चिऱ्यांसारखे,
नुसते कापून रचलेले.

मिंगेलला हे सांगितलं तर चिडला.
'ता मशीन आसा, बाबी. हे माजे पाय.'
पाय पाहिले. घोटे सुजलेले,
सेकंदाला तेरा ठोके मारून.

केरीला यंत्रावर साळगावकरांची ऋजुता होती.
तिला आदल्या रात्रीच विचारलं होतं.
'ती पोरं? नुसती ओरडतात हो, काका.'
म्हणत तिने एक बटण पिळलं
आणि बनातून कुणीतरी
घसा फाटेस्तोवर किंचाळलं.

मी वाद घातला नाही.
दोघांकडूनही भाडं यायचं आहे.

फक्त रविवारी, दुसऱ्या गाण्याला,
खोक्याच्या जाळीत अडकलेल्या
सुरूच्या काड्या उठून उभ्या राहिल्या.
कालच्याच. पाच-सहा.
काल नाचत होत्या तेवढ्याच उंच.

सकाळी खोकी टेम्पोत चढवली,
जाळी झाडली नाही.