देवास नाक्यावरची दुपार

पांढरी उंच. राखाडी रुंद.
चौरसिया डिकीचे आकडे सांगतो, लिटरमध्ये,
जणू आत दूधच ओतायचंय.
आम्ही घरून नानांची चाकांची खुर्ची आणलीय, मापाला.

पांढरीत ती मावते,
पण मागची रांग पाडावी लागते,
म्हणजे शाल्मली आणि आत्या महेश्वरला नाहीत.
राखाडीत सगळे मावतात,
खुर्ची टपावर, दोरीनं.
"टपावर नको," नाना म्हणतात,
"तापते. मग बसल्यावर चटका."
दुपारभरात एवढंच बोलले.

वसंत सनरूफ उघडतो, मिटतो, उघडतो.
हप्त्यात सातशेचा फरक,
महिन्याची दोनेक किलो लौंगसेव.

शाल्मली मागं जाऊन बसलीय,
गुडघे हनुवटीला.
"आई, जुलैपासून मी भोपाळलाच ना?
पांढरीच घ्या."
आणि उतरते.

चौरसिया लगेच रांग पाडतो.
खट्.
एका बोटानं पडते.

उचला ती परत, मी म्हणते.
नाना, आत्या, या. शाल्मली, तूही चढ.
कुठं जायचं नाहीये,
बसा नुसते.

खुर्ची बाहेर राहिली,
चकचकीत फरशीवर,
ब्रेक न लावलेली.