तीन इंचांचं भोक

अनुदानाच्या कागदांत एकच अट जाड ठशात आहे:
जुनं इंजिन पुन्हा कधीही सुरू होता कामा नये.
म्हणून ब्लॉकला तीन इंचांचं भोक,
आणि त्याचा फोटो, पट्टी लावून,
नंबर वाचता येईल असा.

फोटो काढायला मी जातो.
तुलारे परगण्यातली दोनशे अकरा इंजिनं
माझ्या फोनमध्ये मरून पडली आहेत.
त्यांच्या मध्येमध्ये माझी मुलगी,
वाढदिवसाची, दात पडलेली,
दप्तराच्या कप्प्यात निळा पंप ठेवताना.

देओलिंदा आविला गोठ्याच्या दारात उभी होती,
डोक्याला रुमाल, हातात कॉफी.
म्हणाली, वांग, तूच पाड ना भोक.
म्हटलं, नियमात बसत नाही,
मालकानं पाडायचं, मी फक्त बघायचं.
मालक तर गेला, ती म्हणाली,
आणि कप माझ्या हातात देऊन ड्रिल उचललं.

सात महिने चालला होता तिचा अर्ज.
'वर्षाला किती तास वापर?' या रकान्यात
तिनं आधी लिहिलं होतं: सगळे.
कार्यालयानं तो परत पाठवला.
मग तिनं एझिकिएलच्या वह्या काढल्या,
डिझेलच्या पावत्या जुळवल्या,
आणि लिहिलं: अकराशे चाळीस.
चुकीचंच होतं, पण आकडा होता.
तेवढ्यावर मंजूर झालं.

बीड सहजासहजी ऐकत नाही.
पातं घसरलं, पुन्हा लागलं, किंचाळलं.
वासरं लांब पळाली.
मग एकदम हात आत गेल्यासारखं झालं
आणि काळं तेल आलं, सावकाश,
घाई नसल्यासारखं.
तिनं पायानंच घमेलं खाली सरकवलं,
माती खराब होऊ नये म्हणून.

मी पट्टी धरली. तीन इंच, वर एक सूत.
फोटो काढला. नंबर आला.
तोवर तिनं रुमालाच्या टोकानं
तेलाची कांडी पुसली, आत घातली,
बाहेर काढून उजेडात धरली,
पातळी बघितली.
मग तिच्या लक्षात आलं.
कांडी तिनं परत जागेवर ठेवली
आणि नीट दाबून बसवली.

वर्षानं मी परत गेलो. तसाच नियम आहे,
वर्षभरानं मीटरवरचे तास लिहून न्यायचे.
पहाटेचं धुकं इतकं दाट
की गोठा मला आधी वासानं लागला.
नवा ट्रॅक्टर वैरणीची गाडी ओढत
चालला होता म्हणे,
मला तर काहीच ऐकू येईना.

गाईंनाही येत नव्हतं.
तीस वर्षं त्या इंजिनाच्या धडधडीला
माना वर करून आलेली खिल्लारं,
त्यांच्या आयांनी त्यांना तेवढंच शिकवलेलं.
पहिले आठ दिवस, ती म्हणाली,
वैरण पुढ्यात येऊन पडायची
आणि बायका माझ्या तिकडेच तोंड करून उभ्या.

मग तिनं हाका मारायला सुरुवात केली.
एझिकिएल गेल्यापासून जिचा आवाज
शेजाऱ्यांनी दुकानातसुद्धा ऐकला नव्हता,
ती धुक्यात ओरडत होती:
इश्ट्रेला! पोंबिन्या! अगं माल्यादा, बहिरे!
बेटावरची पोर्तुगीज, आजोळची,
शिव्यांसकट.
आणि धुक्यातून एकेक ओलं नाक बाहेर येत होतं.

मीटर वाचला. नऊशे दोन.
शेऱ्याचा रकाना होता, चार ओळींचा.
मी लिहिलं: चार्जरची वायर उंदरांनी कुरतडली, बदलली.

निघताना तिनं विचारलं, पोरीचा दमा?
म्हटलं, आहे तसाच. या महिन्यात दोनदा दवाखाना.
ती जरा गप्प झाली.
एका ट्रॅक्टरनं काय होतंय, वांग, म्हणाली,
आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत
मागे राहिलेल्या कोणा एकीला
पुन्हा हाक मारली.